घोटामागची वीज

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या किती जणांना गिळायला त्रास होतो? टोरांटोच्या रोझमेरी मार्टिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तोवरचे संशोधन एकत्र करून पाहिले, तेव्हा या साध्या प्रश्नाला एक उत्तर मिळाले नाही. खाटेजवळ झटपट चाचणी केलेल्या अभ्यासांत हे प्रमाण ३७ ते ४५ टक्के निघाले. तज्ज्ञाने नीट तपासले तिथे ते ५१ ते ५५ टक्के होते. यंत्राने घशाच्या आत पाहिले तिथे ६४ ते ७८ टक्क्यांवर गेले. आजार तोच होता, पाहण्याची रीत बदलली की आकडा बदलत होता. गिळण्याच्या मोजमापाबद्दल जे काही लिहायचे ते या आकड्यांपासून सुरू करावे असे मला वाटते, कारण दुबळे मोजमाप ज्याला ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवते त्याच्या फुप्फुसात अन्नाचे कण उतरत असू शकतात, आणि कित्येकदा त्याला ठसकाही लागत नाही.

आपण दिवसाला सुमारे सहाशे वेळा गिळतो. १९६५ साली लिअर आणि सहकाऱ्यांनी चोवीस तासांची मोजणी केली तेव्हा सरासरी ५८५ आली होती. यांतले बहुतेक घोट लाळेचे असतात आणि आपल्या ध्यानातही येत नाहीत. तरीही प्रत्येक घोटामागे तीसहून अधिक स्नायू राबतात. जिभेने घास मागे ढकलला की मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून एक ठरलेला क्रम सुटतो. मऊ टाळू नाकाची वाट बंद करतो. श्वास क्षणभर थांबतो. हनुवटीखालचे स्नायू आखडून कंठिकास्थी नावाचे लहानसे हाड वर आणि पुढे ओढतात. त्याच्याबरोबर स्वरयंत्र वर सरकते, त्याचे झाकण मिटते, आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळून बसलेला स्नायू सैल पडतो. घास खाली उतरतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. घशातला हा सारा टप्पा जेमतेम एका सेकंदाचा आहे. अन्नाची आणि हवेची वाट इथे एकमेकींना छेदतात, म्हणून वेळ चुकली तर किंमत मोठी असते.

हे आतले दृश्य पाहण्याच्या दोन मान्य पद्धती आहेत. पहिलीत रुग्णाला बेरियम मिसळलेले अन्न देऊन चालत्या क्ष-किरणांत त्याचा प्रवास चित्रित करतात. अमेरिकेच्या जेरी लोगमन यांनी या तपासणीला शिस्त दिली आणि १९८३ च्या त्यांच्या पुस्तकाने ती जगभर नेली. दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा वरून पाहतात. ती सुसान लँगमोर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली. घास श्वासनलिकेत गेला की नाही, हे या दोन्ही पद्धती दाखवतात. मात्र पहिलीला क्ष-किरण विभाग लागतो आणि किरणांमुळे ती वारंवार करता येत नाही. दुसरी करायला सरावलेला हात लागतो, आणि ऐन गिळण्याच्या क्षणी घसा आवळल्यामुळे तिच्यातले चित्र पुसले जाते. शिवाय स्नायूने किती जोर लावला, केव्हा लावला आणि किती वेळ धरून ठेवला, हे दोन्हींत थेट दिसत नाही. स्नायूंच्या विद्युत हालचालीची नोंद, म्हणजे ईएमजी, इथे उपयोगी पडते.

गिळणे आणि ईएमजी यांचे नाते जुने आहे. रॉबर्ट डोटी आणि जेम्स बॉस्मा यांनी १९५६ साली कुत्रे, मांजरे आणि माकडांच्या घशातल्या स्नायूंत विद्युताग्रे बसवून दाखवले की एकदा गिळणे सुटले की स्नायूंचा क्रम फारसा बदलत नाही. गिळण्याची लय मेंदूच्या देठात बांधलेली आहे, या आजच्या समजुतीला त्या कामाने मोठा आधार दिला. माणसांत मात्र दर वेळी सुई टोचून तपासणे शक्य नसते, म्हणून हनुवटीखालच्या त्वचेवर चिकटवायची विद्युताग्रे आली. ही जागा निवडायला कारण आहे. मायलोहायॉइड, जेनिओहायॉइड आणि डायगॅस्ट्रिकचा पुढचा भाग हे कंठिकास्थी उचलणारे तीन स्नायू तिथेच, त्वचेच्या जवळ आहेत.

त्वचेवरून येणारा हा संकेत ऐकणे म्हणजे भिंतीपलीकडून जाणारी दिंडी ऐकणे. ती कधी आली, टाळ-मृदंग कधी टिपेला पोचले आणि आवाज कधी विरला हे बिनचूक कळते, पण कोणता टाळ कोणाच्या हातात होता हे कळत नाही. पामर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हनुवटीखालच्या एकेका स्नायूत बारीक तारा घालून त्यांची त्वचेवरच्या संकेताशी तुलना केली. त्या संकेतात वर सांगितलेल्या तीन स्नायूंचा वाटा मोठा आणि जिभेच्या मुख्य स्नायूचा कमी निघाला. म्हणजे जागा योग्य आहे, फक्त उत्तर एका स्नायूचे येत नाही, सगळ्या गटाचे येते. आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेल्या ज्या स्नायूचे सैल पडणे सर्वांत महत्त्वाचे, तो इतका खोल आहे की त्वचेवरून त्याची दखलच घेता येत नाही. त्याला सुईच लागते, आणि ऐन घोटाला त्याचा आलेख उसळत नाही, शांत होतो.

तंत्राचा भाग थोडक्यात सांगतो. संकेत मायक्रोव्होल्टमध्ये असतो, म्हणजे फार क्षीण. त्याची बहुतेक शक्ती २० ते ५०० हर्ट्झ या पट्ट्यात असते, म्हणून सेकंदाला निदान हजार नमुने घ्यावे लागतात. आपल्याकडच्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट नेमका याच पट्ट्यात येतो. त्वचा स्पिरिटने पुसावी लागते, पुरुषांची दाढी काढावी लागते, आणि विद्युताग्रांमधले अंतर दर वेळी तेच ठेवावे लागते. हे पाळले नाही तर पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

आता तरुण आणि वृद्ध यांच्या तुलनेकडे येऊ. इथे सर्वांत मोठे काम इस्राएलच्या मायकेल वेमन आणि सहकाऱ्यांचे आहे. २००४ मध्ये त्यांनी ४४० निरोगी प्रौढांच्या नोंदी तीन भागांच्या अहवालात मांडल्या. ओठांभोवतीचा स्नायू, चावण्याचा स्नायू, हनुवटीखालचा गट आणि कंठिकास्थीखालचा गट अशा चार ठिकाणी त्यांनी मोजमाप केले. प्रत्येकाला चार प्रकारे गिळायला सांगितले: नेहमीसारखा पाण्याचा घोट, एकदम २० मिलिलिटरचा मोठा घोट, कोरडा म्हणजे लाळेचा घोट, आणि न थांबता १०० मिलिलिटर पाणी पिणे. एकाच यंत्रणेने, एकाच पद्धतीने, इतक्या वेगवेगळ्या वयांच्या निरोगी माणसांची नोंद झाल्यामुळे ‘सामान्य’ म्हणजे काय याला पहिल्यांदा काही आधार मिळाला.

वय वाढले की स्नायूंची हालचाल जास्त वेळ चालते, ही गोष्ट निरनिराळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा दिसली आहे. क्ष-किरणांच्या अभ्यासांत वृद्धांचे गिळणे उशिरा सुटते. घास घशात काहीसा खाली उतरल्यावर मग स्वरयंत्र उचलले जाते. जिभेचा दाब मोजला तर तो टिपेला पोचायला वेळ लागतो. ईएमजीची रेघ लांबते. या सगळ्याला वार्धक्यातले गिळणे म्हणायचे, आजार म्हणायचे नाही. ऐंशी वर्षांची आजी सावकाश गिळते, पण सुखरूप गिळते. तिच्या आलेखाला पंचविशीतल्या मुलीचा आलेख लावून ‘दोष’ शोधणे ही या क्षेत्रातली सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक चूक आहे.

वेळेबाबत एकमत आहे, उंचीबाबत नाही. आलेखाची उंची, म्हणजे किती मायक्रोव्होल्ट, वयाप्रमाणे वाढते की घटते, यावर अभ्यासांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्या मते हा गोंधळ प्रश्नातच आहे, कारण वय वाढताना उंचीवर एकाच वेळी उलटसुलट जोर पडतात. हनुवटीखाली चरबी साठली किंवा त्वचा लोंबू लागली की स्नायू आणि विद्युताग्र यांतले अंतर वाढते आणि संकेत मंदावतो. स्नायूचे तंतू घटतात, त्यानेही तो खाली येतो. दुसरीकडे, म्हातारपणी चेतातंतू मरतात तेव्हा उरलेले चेतातंतू अनाथ झालेल्या स्नायुतंतूंना आपल्याशी जोडून घेतात. हातापायांच्या स्नायूंत हे चांगले अभ्यासले गेले आहे. एक चेतातंतू आणि त्याच्याशी जोडलेले स्नायुतंतू मिळून एक एकक होते, आणि अशा मोठ्या झालेल्या एककांचा प्रत्येक झटका मोठा दिसतो. त्यात दुबळ्या स्नायूला तेच काम करायला जास्त एकके कामाला लावावी लागतात, म्हणजे संकेत आणखी वर जातो. उंच आलेख ताकदीचा असू शकतो, तसाच दमछाकीचाही. नुसत्या मायक्रोव्होल्टवरून ‘या वृद्धाचे स्नायू मजबूत आहेत’ असा निष्कर्ष काढणारा अहवाल मला मान्य होणार नाही.

मग वेगवेगळ्या वयांची तुलना कशाने करायची? याचे सर्वांत चांगले उत्तर ईएमजीच्या बाहेरून, जिभेच्या दाबाच्या अभ्यासातून मिळाले. विस्कॉन्सिनच्या जोअॅन रॉबिन्स यांनी १९९५ मध्ये दाखवले की जीभ टाळूवर पूर्ण ताकदीने दाबायला सांगितले तर वृद्धांचा दाब तरुणांपेक्षा कमी भरतो, मात्र गिळताना वापरला जाणारा दाब दोघांचा जवळजवळ सारखाच असतो. गिळण्याची गरज वयाने कमी होत नाही, तिच्या वरची शिल्लक मात्र आटते. तरुण माणूस प्रत्येक घोटाला आपल्या ताकदीचा थोडाच भाग वापरतो, वृद्धाला बराच मोठा भाग वापरावा लागतो. म्हणून निरोगी वृद्ध रोज नीट जेवतो, आणि न्यूमोनिया होऊन दहा दिवस अंथरुणात पडला, वजन घटले, की अचानक पाण्यालाही ठसकू लागतो. आजाराने गिळणे बिघडवले असे आपण म्हणतो. खरे तर शिल्लक आधीच संपत आलेली असते, आजार फक्त तिची पावती फाडतो.

हीच कल्पना ईएमजीत आणायची तर घोटाची उंची त्या माणसाच्या स्वतःच्या कमाल उंचीच्या टक्केवारीत मांडावी लागते. त्याला प्रमाणीकरण म्हणतात. सांगायला सोपे, करायला अवघड. हनुवटीखालच्या स्नायूंची कमाल ताकद काढायची कशी? कोणी जबडा हाताने धरून तो उघडायला सांगतात, कोणी जीभ टाळूवर दाबायला लावतात, कोणी होईल तितका जोर लावून गिळायला सांगतात. तिन्हींत उत्तर वेगळे येते. आणि वृद्ध माणूस ‘पूर्ण जोर लावा’ या सूचनेला खरोखर पूर्ण जोर लावतो का, हा प्रश्न राहतोच. कवळी सैल असेल, मानेत दुखत असेल किंवा परक्या खोलीत संकोच वाटत असेल तर कमाल आकडा खोटा येतो आणि टक्केवारी उगाच फुगते. कॅरा स्टेप यांनी २०१२ मध्ये लिहिलेल्या आढाव्यात वाचा आणि गिळणे या दोन्हींसाठी त्वचेवरची ईएमजी वापरताना येणाऱ्या अशा अडचणी नीट मांडल्या आहेत. हे काम करू पाहणाऱ्याने तो आधी वाचावा. कमाल काढण्याची रीत एकमताने ठरत नाही तोवर दोन प्रयोगशाळांच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवू नयेत, असे माझे मत आहे.

स्नायूंची शिल्लक खरोखर आटते याचा पुरावा चित्रांतूनही आला. २०१३ साली फेंग आणि सहकाऱ्यांनी निरोगी वृद्धांच्या जेनिओहायॉइड स्नायूचे सीटी स्कॅनवर मोजमाप केले. वयाबरोबर हा स्नायू बारीक होत जातो, आणि दुर्बिणीतून पाहताना ज्यांच्या श्वासमार्गात घोट जाताना आढळला त्यांच्यात तो अधिकच बारीक होता. ही माणसे रुग्ण नव्हती. स्नायुक्षयाला इर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सार्कोपेनिया हे नाव दिले, तेव्हा डोळ्यांसमोर हातपाय होते. घशाचे स्नायूही तसेच झिजतात, हे जपानी वैद्यकाने गेल्या काही वर्षांत लावून धरले. २०१९ मध्ये तिथल्या चार वैद्यकीय संस्थांनी स्नायुक्षयातून येणाऱ्या गिळण्याच्या त्रासावर संयुक्त भूमिका मांडली. तिच्यातल्या निदानक्रमात जिभेच्या दाबाला जागा आहे, ईएमजीला नाही. आजच्या घडीला मला ते रास्तही वाटते.

उंचीच्या वादात न पडता ईएमजी वापरण्याची एक देखणी रीत तुर्कस्तानातून आली. इझमीरच्या जुम्हूर एर्तेकिन आणि सहकाऱ्यांनी हनुवटीखाली विद्युताग्रे आणि स्वरयंत्रावर हालचाल टिपणारा छोटा संवेदक लावून माणसाला १, ३, ५, १०, १५ आणि २० मिलिलिटर पाणी क्रमाने दिले. निरोगी माणूस २० मिलिलिटर एका घोटात संपवतो. ज्याला तेवढ्या किंवा त्याहून कमी पाण्याला आठ सेकंदांच्या आत दुसरा घोट घ्यावा लागतो, त्याची मर्यादा तिथे आली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी मायक्रोव्होल्ट विचारतच नाही. एकामागून एक किती उसळ्या आल्या, एवढेच ती मोजते. चरबी, त्वचा, चिकटपट्टीची जागा यांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. तरी वृद्धांबाबत सावध राहायला हवे. ठसक्याला घाबरून वर्षानुवर्षे लहान घोट घेणारे आजोबा २० मिलिलिटर सवयीनेच दोनदा गिळतील. त्यांना ‘दोष’ लावण्याआधी ते घरी कसे पितात हे विचारायला हवे.

‘घरी कसे पितात’ हा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या अर्थानेही खरा आहे. आजवरची प्रमाणे पेल्याला ओठ लावून, मान सरळ ठेवून पिणाऱ्यांवर उभी आहेत. महाराष्ट्रात, आणि देशात इतरत्रही, तांब्या-भांडे ओठांना न लावता मान मागे टाकून वरून पाणी पिणारी माणसे पुष्कळ आहेत, विशेषतः जुन्या पिढीत. अशा पिण्यात ओठ मिटत नाहीत, मानेचे आणि हनुवटीखालचे स्नायू ताणलेले असतात, पाणी थेट मागे पडते. मान मागे टाकून गिळणे दुबळ्या घशाला धोक्याचे, हे वाचा-उपचारतज्ज्ञ रोज सांगतात. जमिनीवर मांडी घालून, पुढे वाकून जेवणेही त्या प्रमाणांत बसत नाही. अन्नाचेही तसेच. परदेशी अभ्यासांत पाणी, दाट केलेले सरबत आणि पुडिंग असते. आपल्या वृद्धांच्या ताटात पेज, मऊ वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी असते. घट्टपणाची आठ पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आता आहे, आणि द्रवांची पायरी १० मिलिलिटरच्या सिरिंजमधून दहा सेकंदांत किती उरते यावर ठरते. पेज त्या पट्टीवर बसवायला सिरिंजखेरीज काही लागत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसे सुमारे १०.४ कोटी होती. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, गोव्यात ११.२ टक्के होते. इतक्या लोकांचे ‘सामान्य’ दुसऱ्यांच्या पेल्यावरून ठरवू नये. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाची वाचा-श्रवण शाखा यांच्याकडे या कामाला लागणारी माणसे घडतात.

चवीचा मुद्दा मला विशेष आवडतो. डिंग, लोगमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तरुण आणि वृद्ध निरोगी माणसांना वेगवेगळ्या चवींचे आणि घट्टपणाचे घोट देऊन ईएमजी नोंदवली. पामर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये स्नायूंच्या आतून नोंद घेतली, तेव्हा आंबट घोटाला हनुवटीखालचे स्नायू जास्त जोराने आणि एकमेकांच्या अधिक जवळ हलले. लिंबू, कोकम, चिंच यांची सवय असलेल्या जिभांवर हे किती लागू पडते, ते पाहण्याजोगे आहे. मात्र ज्याचा घोट श्वासनलिकेत जातो त्याला आंबट पाणी घरच्या घरी देऊन पाहू नये. आम्ल फुप्फुसाला साध्या पाण्याहून अधिक इजा करते.

ईएमजीने निदान करावे का, यावर माझे मत नकाराकडे झुकते. घास कुठे गेला हे तिला कळत नाही आणि कधी कळणारही नाही. लक्षणे नसलेला, मूकपणे श्वासमार्गात घोट घेणारा रुग्ण तिच्या आलेखावर निर्दोष दिसू शकतो. ‘क्ष-किरणांऐवजी ही पट्टी लावा’ अशी जाहिरात कोणी केली तर डॉक्टरांनी ती बाजूला ठेवावी. उपचारात मात्र तिची जागा पक्की आहे. माणसाला आपले गिळणे दिसत नाही. पडद्यावर रेघ उठताना दिसली की ‘जोर लावून गिळा’, ‘घोट वर धरून ठेवा’ या सूचनांना अर्थ येतो. मायकेल क्रेरी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशा सरावाच्या ४५ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८७ टक्क्यांचे तोंडाने खाणे सुधारले. पक्षाघाताच्या रुग्णांत हे प्रमाण ९२ टक्के, डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांत ८० टक्के होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय किती यंत्राचे आणि किती उपचारतज्ज्ञाच्या चिकाटीचे, हे त्यावरून सांगता येत नाही. तरी तंबाखू-गुटख्याने तोंडाचे कर्करोग वाढलेल्या आपल्या राज्यात, शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांनंतर नळीवर जगणाऱ्यांसाठी हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

न्यूझीलंडच्या मॅगी-ली हकाबी आणि सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. कंपवाताच्या रुग्णांना त्यांनी अधिक जोर लावायला सांगितले नाही. पडद्यावर एक चौकोन दिसतो, आणि घोटाच्या आलेखाचे टोक नेमके त्या चौकोनात, त्या वेळी, तेवढ्या उंचीवर पोचवायचे. चौकोन हळूहळू लहान होत जातो. ताकदीऐवजी नेमकेपणाचा हा सराव आहे. २०१४ मध्ये आलेला अभ्यास लहान होता, पण त्यात गिळण्याला लागणारा वेळ कमी झाला. वृद्धांमध्ये एकमताने दिसणारा बदल वेळेचा आहे, हे वर पाहिलेच, म्हणून ही दिशा मला ताकदीच्या व्यायामांपेक्षा अधिक आशेची वाटते.

आपल्या माणसांची प्रमाणे तयार होईपर्यंत एखाद्या रुग्णालयाने सत्तरीपुढच्या माणसाची ईएमजी केलीच, तर अहवालात मला चार गोष्टी हव्यात: प्रत्येक घोट किती मिलिसेकंद चालला, २० मिलिलिटर किती घोटांत संपले, कमाल उंची कोणत्या कृतीने काढली, आणि तुलना कोणत्या वयाच्या माणसांशी केली. शेवटचा रकाना रिकामा असेल तर बाकीचे तीन नीट लिहून तो कागद जपून ठेवावा, आणि वर्षभराने त्याच माणसाची, त्याच खुर्चीत, त्याच भांड्याने पाणी देऊन पुन्हा नोंद घ्यावी. मग तुलना त्याची त्याच्याशीच होते.